सहाशे बारा

वळणावर बाई उभी होती.
चकाकणारं पिवळं जाकीट, हातात रंगाचा रिकामा डबा,
दुसरा हात वर, शाळेसमोर धरतात तसा.
रात्रीचे पावणेअकरा. बर्फ नुकतंच वितळलेलं,
सूरेमेत्साच्या रस्त्यावर गुडघाभर धुकं.
मी ब्रेक दाबला. मागचं तीस टन पाइन
एकदा पुढे आलं, मग जागेवर बसलं.

"इंजिन बंद कर," ती म्हणाली.
पार्नूचं बंदर पहाटे पाचला उघडतं, मी म्हणालो.
"उघडू दे की. यांना पलीकडे जायचंय."

यांना म्हणजे कोणाला, ते दिव्याच्या झोतात दिसलं.
डांबरावर ओले गोळे,
आधी वाटलं गेल्या सालची पानं,
मग एका पानानं पापणी मिटली.

हेल्वे तिचं नाव. तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
आता एप्रिल आला की गावाला कामाला लावते.
एंडेल सुतार, एका कानानं बहिरा.
दोघी जावा, कोणाशी न बोलणाऱ्या, एकमेकींशी तर नाहीच,
पण एकाच टबाचे दोन कान धरून चालत होत्या.
आणि रुबेन, वय नऊ, उद्या शाळा,
कपाळावर दिवा, तोंडात आकडा.

वाद चालला होता.
मादीच्या पाठीवर नर घट्ट बसलेला,
ती त्याला घेऊन तळ्याकडे निघालेली,
तर हा एक धरायचा की दोन?
एंडेल म्हणे, एकच. चालतंय एकच जण.
रुबेन म्हणे, डोकी दोन, म्हणजे दोन.
हेल्वेनं वहीवर पेन्सिल आपटली. "दोन.
चाक गेलं तर दोघंही जातात."
पुढे कोणी बोललं नाही.

मी काचेआडून बघत बसलो.
मग पाय आखडले म्हणून उतरलो, एवढंच.
तिनं माझे हात पाहिले. डिझेल, ग्रीस.
"चरात धू. आणि ओलेच ठेव,
त्यांची कातडी श्वास घेते."
पाणी असं गार की बोटं कोणाची ते कळेना,
आणि मग त्या बोटांत एक जड, गार,
मळलेल्या मातीसारखी वस्तू,
जिच्या गळ्याखाली काहीतरी भराभर हलत होतं.
तळ्याकाठी सोडली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.
बरं वाटलं.
आभार मानले असते तर पंचाईत.

वहीत दोन रकाने. एकावर बाण, एकावर फुली.
फुलीचा रकाना मी नको तितका वेळ वाचला.
"किती वर्षं या रस्त्यानं?" हेल्वेनं सहज विचारलं.
एकोणीस.
तिनं मान हलवली. हिशेब केला नाही.
केला तो मीच.
एकोणीस एप्रिल, आठवड्याला चार रात्री, अठरा चाकं,
आणि मागे रचलेलं ते पाइन,
ज्याच्या मुळांशी हिवाळाभर हे झोपलेले असतात,
ते तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

साडेबाराला गारठा उतरला, रस्ता रिकामा झाला.
एका जावेनं थर्मासमधली कॉफी ओतली,
दुसरीनं घेतली. शब्द नाही.
रुबेन एंडेलच्या खांद्यावर झोपला,
कपाळावरचा दिवा तसाच, झाडांच्या शेंड्यांवर फिरत.
हेल्वेनं बेरीज केली, तपासायला माझ्याकडे दिली.
पोस्टातली बाई, चूक कुठली असणार.
तरी मी दोनदा मोजलं.

पुढच्या फाट्यावर वायरलेस उचलला.
सूरेमेत्साच्या वळणावर हळू. माणसं आहेत रस्त्यात.
हात केला तर थांबा, इंजिन बंद करा.
"काय झालं? अपघात?"
बेडूक, मी म्हणालो.
हशा. कोणीतरी तोंडानं बेडकाचा आवाज काढला,
तोही चुकीचा.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग एक दमलेला आवाज, नाव न सांगता,
"किती?"

आज सहाशे बारा, मी म्हणालो.
जोडी असेल तर दोन धरायचे.